त्राटिकेचे पाय

"हे तुम्हीच ना?" असं विचारत अपंग पेन्शनच्या कचेरीतल्या रुचिरा मॅडमनी मोबाईल माझ्यापुढं धरला, तेव्हा मला वाटलं, पुन्हा एखादा फोटो कमी पडला असणार. फोटोंची मला सवय झाली होती. पासपोर्टचा वेगळा, पूर्ण उभा वेगळा आणि अपंगत्व दिसेल असा वेगळा. त्या तिसऱ्यासाठी जव्हारच्या स्टुडिओवाल्यानं माझी पँट गुडघ्याच्या वर गुंडाळायला लावली होती आणि "दादा, जरा अजून वाकडा करा" असंही म्हणाला होता, जणू पाय म्हणजे पाहुण्यांसमोर लाजणारं पोर. पण मोबाईलमध्ये फोटो नव्हता, व्हिडिओ होता. सकाळचं कोवळं ऊन, आमच्या गावची वाट, दोन्ही अंगांना माणसं, संबळ, पिपाणी, आणि मधोमध हिरव्या लुगड्यातली त्राटिका. लाकडी मुखवट्यातून बाहेर आलेली लाल जीभ, पांढरेफेक डोळे. माइकवर फागूआजाचा चिरका आवाज: "मधुकर गोकुळ भोये यांच्याकडली त्राटिका येते हो, वाट सोडा!" मधुकर गोकुळ भोये म्हणजे मी. त्राटिकेनं डावा पाय हवेत झोकला, टाच आपटली, गुडघ्यात वाकली आणि गिरकी घेतली. ती माझी गिरकी होती.

तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो, मग तुम्ही मला वेडा म्हणा. मला आनंद झाला. पोटातून वर आला तो. मी स्वतःला नाचताना कधी पाहिलंच नव्हतं. मुखवट्याच्या आतून दिसतं ते काय, तर पुढच्या हातभर वाटेवरची धूळ आणि बघ्यांच्या चपला. होळीनंतर आमच्याकडं बोहाडा भरतो, रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, आणि एकेक सोंग एकेका घराचं असतं. त्राटिका आमच्या घराची. आज्यापासून आमच्याच घरातला पुरुष तिला नाचवतो, शेवटाला, उजाडल्यावर. बावीस वर्षं मी नाचलो, आणि लोक म्हणायचे मध्या नाचतो तेव्हा जमीन दबते, ते मला तोंडदेखलं वाटायचं. आता पाहिलं, खरंच दबते. किती छान नाचतो मी, असं वाटून मी चक्क हसलो असेन, कारण मॅडमनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. मग माझं लक्ष टेबलाला टेकवलेल्या काठीकडं गेलं, आणि मी हसू आवरलं.

"माझ्या मुलानं दहा वेळा पाहिला हो हा," मॅडम म्हणाल्या. त्या नाशिककडच्या, बोलायला मऊ. "कुणा शिक्षकानं टाकलाय, 'वा मधुकरदादा, काय पाय!' असं लिहून. काल तुमची फाइल उघडली, नाव वाचलं, आणि मलाच घाम फुटला. या वर्षीच्या बोहाड्याचा आहे. साहेबांनीही पाहिलाय."

"तो मी नाही, मॅडम."

"माइकवर तुमचं नाव आहे."

"माइकवर घराचं नाव घेतात. आत कोण आहे ते कोणी बोलत नाही."

"मग सांगा ना, आत कोण होतं?" त्यांनी पेन उघडलं. "अवघड काही नाही. जो नाचला त्याचं नाव लिहून द्या, त्याला घेऊन या, त्याचा दोन ओळींचा जबाब घेते. फाइल त्याच दिवशी पुढं पाठवते. नाहीतर भोये, फसवणुकीचा शेरा बसेल. पेन्शन तर जाईलच, सर्टिफिकेटही परत तपासायला जाईल."

पुतण्याचं नाव सांगायला मी तोंड उघडलं, पण ही गिरकी त्याची नव्हती, आणि दुसरं नाव माझ्याकडं नव्हतं. सोमवारी येतो म्हणालो.

त्या सर्टिफिकेटवर अठ्ठेचाळीस टक्के लिहिलंय. शाळेत मला अठ्ठेचाळीस कधी पडले नाहीत. दाभोशाच्या रस्त्यावर जीप चालवायचो मी. तीन पावसाळ्यांपूर्वी वळणावर दरड आली, जीप उलटली, पंधरा पॅसेंजर खरचटून उठले आणि मी एकटा खाली राहिलो. डावा गुडघा सांधला तो काठीसारखा सरळ. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. आयुष्यात पहिल्यांदा मला चांगलं चालण्याची भीती वाटली. मी चाललो, आणि चालताना जरासं जास्तच लंगडलो. अगदी बोटभर. खोटं म्हणाल तर खोटं, पण गरजवंताला अक्कल नसते. वाईट हे झालं, की त्या दिवसापासून माझं स्वतःचं लंगडणं कुठं संपतं आणि ते बोटभर कुठं सुरू होतं, हे मला कळेनासं झालं. एकट्यानं विहिरीपर्यंत जातानासुद्धा कोणीतरी फॉर्म हातात घेऊन बघतंय असं वाटायचं. हा सगळा खटाटोप कोंडीसाठी होता. माझी बायको कोंडी मी पडल्यापासून दिवाळीनंतर भिवंडीकडं वीटभट्टीवर जाते. तीन हंगाम झाले, यंदाच्या हंगामातून होळीला परतली ती खोकला घेऊन. पेन्शन सुरू झाली तर तिला जावं लागणार नव्हतं. एवढंच मला हवं होतं. तिनं घरी राहावं, मिश्री लावत अंगणात बसावं आणि मला शिव्या घालाव्यात.

परतताना जीपमध्ये मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. तिथं बसलं की माझा डावा पाय अजूनही क्लच शोधतो. बोहाड्याच्या त्या सकाळी मी घरात तापानं फणफणलो होतो. मी पडल्यावर दोन वर्षं माझा पुतण्या उमेश त्राटिका नाचवायचा, म्हणजे पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा कसाबसा उरकायचा. पण सोंग चुकत नव्हतं. आमच्या गावात नियम असा की एक साल सोंग निघालं नाही तर मुखवटा गावाकडं जमा होतो आणि दुसऱ्या घराला जातो. त्या दिवशी दुपारनंतर कोंडीनं सांगितलं, "उमेश आलता, मुखवटा घेऊन गेला, आणून टाकलान." मी बरं म्हणालो. तापात मला एवढंच आठवत होतं की लांबून संबळ ऐकू आला, आणि गोधडीखाली माझा डावा पाय हलला. तो वाकला. मी पाहत होतो गोधडी उचलली जाताना, गुडघ्याचा डोंगर होताना, आणि टाच आपटल्याचा आवाज मात्र बाहेर लांब, गर्दीत झाला. ताप काय काय दाखवतो, म्हणून मी ते कोणाला बोललो नव्हतो. आता जीपमध्ये घाम पुसताना ते सगळं जसंच्या तसं समोर आलं.

घरी पोचायच्या आधीच, आंब्याखाली थांबून उमेशला फोन लावला. तो भिवंडीच्या गोदामात काम करतो.

"काका, मी नव्हतो आलो यंदा," तो म्हणाला. "सुट्टीच नाही दिली शेठनं. काकूला फोन केला होता ना मी आदल्या दिवशी. मला वाटलं तुम्ही कोणाला तरी उभा केला. व्हिडिओ बघितला की मी. खरं सांगू? मला वाटलं काकांचा पाय बरा झाला, आणि आपल्याला कोणी सांगितलं पण नाही."

फोन बंद करून मी तिथंच उभा राहिलो. ऊन होतं, माणसं होती, कोणाची तरी बकरी माझी काठी चाटत होती, आणि मला भर दुपारी थंडी वाजली. मग फागूआजाकडं गेलो. म्हातारा पडवीत दोरी वळत बसला होता. बोहाड्यात सोंगं पुकारण्याचा मान त्याचा. कोण कुठून आलं आणि कुठं गेलं ते त्याला ठाऊक असणार.

"आजा, आमच्या त्राटिकेत कोण व्हता?"

त्यानं दोरी थांबवली नाही. "त्राटिकेत त्राटिका व्हती."

"तसा नाय. मानूस कोण व्हता?"

"इचारू नको," तो म्हणाला. "सोंगाखाली कोण ते इचारायचा नसतो. आली, नाचली, गेली. असा पाय मी तुझ्या बापाचा बघला, मग तुझा बघला. मना वाटला तूच. अजून तसाच वाटते." आणि मग माझ्या पायाकडं इतका वेळ बघत राहिला की मी पाय मागं घेतला.

त्यानंतरचे दोन दिवस मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, गणती नाही. एक मिनिट आणि काही सेकंदांचा आहे. मुखवटा पाहायचं मी सोडून दिलं, फक्त पाय बघायचो. लुगड्याच्या काठाखाली धुळीनं भरलेले पाय, कुणाचेही असू शकतील असे. पण टाच आपटण्याआधी अंगठा वर उचलायची खोड माझी होती. बापानं त्यासाठी काठीनं मारलेलं, तरी न गेलेली. उमेशला ती खोड नाही. कुणालाच नाही. ज्या डॉक्टरनं माझा पाय तपासला, त्याला मी विचारणार होतो की साहेब, उरलेले बावन्न टक्के कुठं असतात? दवाखान्यात, फॉर्ममध्ये, की ते आपापले बाहेर हिंडतात? हसू नका. माणूस एकटा बसला की असलंच काहीतरी सुचतं. एकदा व्हिडिओ बघताना मी मान वर केली, तर कोंडी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. डोक्यावर हंडा होता आणि तिला तो उतरवायची घाई नव्हती.

"किती बघशील?" ती म्हणाली. "डोळं जातील."

"उमेश म्हणतो, मी आलो नाय."

"मग दुसरा कोन आला असंल. तोंडाला फडका व्हता. मना काय ठावा." ती आत गेली. वळताना हंड्यातलं पाणी जराही हिंदकळलं नाही.

रविवारी दुपारी ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली, तेव्हा मी स्टुलावर चढून मुखवटा खाली काढला. पाय असा, आणि मी स्टुलावर. पडलो असतो तर टक्के वाढले असते. तीन वर्षांत त्याला हात लावला नव्हता. मी तो मांडीवर उलटा घेतला आणि आतल्या पोकळीत तोंड घातलं. लाकूड, जुना रंग, तीन पिढ्यांचा घाम. लहानपणापासून ओळखीचा वास. आणि त्याच्यावर, ओठांच्या जागी, मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूचा कडू, जळका वास, जो रोज सकाळी माझ्या अंगणात असतो. आमच्या घरात पुरुषानं कधी मिश्री लावली नाही. मी तसाच आत तोंड घालून बसलो. मुखवट्याच्या भोकांतून मला माझ्याच घराची हातभर जमीन दिसत होती.

तेव्हा मला आमचं परसदार आठवलं. नवं लग्न झालेलं, मी परसात सराव करायचो, आणि कोंडी भात पाखडत पाखडत बघायची. बावीस वर्षं ती सुपाआडून बघत होती. सुपाचा ठेका आणि माझ्या पायांचा ठेका एकच असायचा आणि मला वाटायचं ती मला साथ देते. ती शिकत होती. हे कळलं तेव्हा भीती जायला हवी होती, नाही का? भुताटकी नव्हती, पाय एकटा हिंडला नव्हता, घरचंच माणूस होतं. पण माझी भीती वाढली. कारण ती माझ्यासारखी नाचली नव्हती. ती मी होऊन नाचली होती, अंगठ्याच्या खोडीसकट. माझ्या अंगातून जे गेलं ते तिच्या अंगात जाऊन राहिलं होतं, आणि तीन वर्षं मी तिच्याच शेजारी झोपत होतो. आणि एक दुसरी भीती, साधी, गावातली. त्राटिका बाई आहे, पण तिला नाचवायचं पुरुषानंच. बाईनं मुखवट्याला शिवायचंसुद्धा नाही. बाई नाचली तर बाईचंच सोंग बाटतं, असा आमचा न्याय. धाकली नावाची एक विधवा होती पलीकडच्या पाड्यावर. एकदा सोंगं ठेवलेल्या खोलीत ती पाणी प्यायला शिरली. त्या वर्षी दोन पोरं तापानं गेली, आणि लोक तिला भुताळी म्हणू लागले. कोणी तिला मारलं नाही. फक्त तिच्या दारावरून जाणं बंद केलं, तिच्या हातचं घेणं बंद केलं. मीही बंद केलं होतं, खोटं कशाला बोलू? एके दिवशी तिचं दार उघडं होतं आणि ती नव्हती. ती कुठं गेली हे अजून कोणाला माहीत नाही.

कोंडी ओल्या कपड्यांची मोट घेऊन आली, तोवर मी मुखवटा जागेवर टांगला होता. मी तिला काही विचारलं नाही. तिनं मुखवट्याकडं पाहिलं, मग स्टुलाकडं, आणि स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

सोमवारी ती म्हणाली, मीबी येते. मी नको म्हणालो, तरी आली. कचेरीच्या पायरीवर बसली आणि मी आत गेलो. रुचिरा मॅडमनी खुर्ची दिली. पंखा चालू होता, शिपाई कागदांवर शिक्के मारत होता. "आणलं का त्या माणसाला?" त्यांनी विचारलं. मी कोणाचंही नाव घेऊ शकत होतो. उमेशचं घेतलं असतं, पण गोदामात त्याची त्या दिवसाची हजेरी लागलेली होती. कोणी अनोळखी होता म्हणालो असतो तर चौकशी गावात गेली असती, आणि गावात चौकशी गेली की ती माझ्या दारापर्यंत येऊन थांबली असती. बाहेर पायरीवर जो खोकत बसला होता, तो माणूस दोन ओळींत सांगता आला असता. पेन्शन लागली असती. आणि आमच्या दारावरून जाणं लोकांनी बंद केलं असतं.

"मीच होतो," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढला. "भोये, परवा तुम्हीच नाही म्हणालात. आणि या पायानं? हे सर्टिफिकेट काय सांगतं? कोणाला वाचवताय तुम्ही? साहेब मला विचारतील, मी काय सांगू?"

"पाय बरा आहे, मॅडम."

"चालून दाखवा बरं."

पुन्हा तेच. मी उठलो. चालून नाही, नाचून दाखवतो, असं म्हणालो, कारण चाललो असतो तर त्यांनी खोटं पकडलं असतं. काठी टेबलाला टेकवली. मनात ठरवलं होतं, दात चावायचे, तीन पावलं कशीही रेटायची, पडायचं तर शेवटी पडायचं. शिपायाचा शिक्का एका लयीत पडत होता. मी डावा पाय उचलला, अंगठा वर केला, टाच आपटली. दोन. तीन. आणि गिरकी घेताना गुडघा वाकला. सांधलेला, काठीसारखा गुडघा, पूर्वी वाकायचा तसा सहज वाकला आणि परत सरळ झाला. दुखलं नाही. देवाशपथ, मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. मी घाबरून टेबल धरलं. शिपाई शिक्का हातात धरून बघत राहिला होता.

रुचिरा मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस आपल्याच घरात चोरी सापडल्यावर बघतो तशा बघत होत्या. "मी साहेबांशी भांडले हो तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हा माणूस खरा आहे." मग त्यांनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि बोट ठेवून सही कुठं करायची ते दाखवलं. मला त्यांना सांगावंसं वाटलं की आजवर या कचेरीत मी जे बोटभर खोटं लंगडलो ते सोडून मी खराच होतो. पण ते जबाबात बसत नव्हतं. मी सही केली.

बाहेर आलो तेव्हा कोंडी पायरीवर तशीच बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून.

"काय लिवला?"

"मीच व्हतो म्हणून लिवला."

तिनं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. एक एसटी निघून गेली, धूळ खाली बसली. "मग पेनशन नाय," ती म्हणाली.

"नाय."

"मग दिवाळीनंतर भट्टी." तिनं पदरानं तोंड पुसलं. आणि मग माझ्याकडं न बघता, हळूच, "दुसऱ्या गिरकीला माझा तोल गेलता. तुझा कदी जात नव्हता. जबाब लिवताना ता त्यांना दिसला नाय ना?"

"नाय दिसला," मी म्हणालो. तिच्यावर माझा इतका जीव आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि तिची इतकी भीती वाटते हेही. मी हात पुढं केला. तो धरून ती उठली आणि दोन पावलं टाकून थांबली. डावा पाय तिनं जमिनीवरून ओढला होता. गुडघा वाकला नव्हता.

"काय झाला?"

"बसून बसून मुंग्या आल्या. जातील."

आम्ही जीपच्या स्टँडकडं निघालो. मी मुद्दाम मागं राहिलो. पुढं ती चालत होती, डावा पाय बाहेरून फिरवत, कमरेतून उचलत, आणि शेवटाला बोटभर जास्त. मी सरळ चालत होतो, काठी नुसतीच हातात धरून. पानाच्या टपरीपाशी तिनं मागं वळून बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं.

"आन ती काठी," ती म्हणाली.

मी दिली.